सामान लादून चढ चढायचा असेल तर: ११-३४ कॅसेट

पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या आणि मागे ११-२८ कॅसेट, म्हणजे ११ ते २८ दातांच्या चकत्यांचा संच, या जोडीवर मी तीन वर्षं सायकल चालवली. रिकाम्या सायकलीला ती पुरायची. मागे दोन पॅनिअर (सामानाच्या पिशव्या) लटकवले की मात्र चौथ्या-पाचव्या वळणावर गुडघे बोलायला लागायचे, आणि पुढचा चढ मी सायकल ढकलत चढायचो. या वेळी डोंगराळ भागातून एकट्यानेच, एका दिवसात ११२ किलोमीटर जाऊन शहर गाठायचं होतं. म्हणून आधी दहा स्पीडची, म्हणजे दहा चकत्यांची, ११-३४ बसवून घेतली.

पुढे ३४, मागे ३४ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एक फेरा. माझ्या ३२ मिलिमीटरच्या टायरवर साधारण २.१५ मीटर. मागे २८ असताना हेच अंतर २.६ मीटर व्हायचं. मिनिटाला ६० फेरे धरले तर आता ताशी पावणेआठचा वेग पुरतो. पूर्वी साडेनऊच्या आसपास लागायचा, आणि सामान घेऊन तेवढा दम माझ्यात नाही. मग फेरे मंदावायचे आणि सगळा जोर गुडघ्यांवर यायचा. या खेपेला शेवटच्या वळणापर्यंत सीटवर बसून गेलो. एक फुलपाखरू बराच वेळ सोबत करत होतं, यावरून काय तो वेग समजून घ्या.

पण त्याआधी एक घोळ झाला. पहिल्याच चढावर चेन ३४ वर टाकली आणि मागून खर्रर्र! उतरून पाहतो तर डिरेलरची, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेची, वरची पुली मोठ्या चकतीच्या दातांना घासतेय. बसवल्यावर मी सपाट रस्त्यावर एक चक्कर मारली होती, ३४ वर चेन नेलीच नव्हती. कडेला सायकल टेकवून बी-स्क्रू (पुली चकतीपासून दूर सरकवणारा) दोन फेरे आवळला, आवाज गेला. हात काळे झाले, ते संध्याकाळपर्यंत तसेच.

तक्रार आहे ती सपाटीवर. ११-२८ मध्ये ११ ते १५ पर्यंत एकेक दात वाढतो. इथे ११, १३, १५, १७ अशा उड्या. शहराआधीचे ३० किलोमीटर समोरून वारा होता. १३ जड, १५ वर पाय नुसते भिरभिरतात. चौदाची आठवण सारखी येत होती.

शहरात शिरल्यावरचा घोटाळा माझाच. सिग्नलला १३ वरच थांबलो. पायडल फिरल्याशिवाय चेन सरकत नाही, त्यामुळे हिरवा दिवा लागला तेव्हा एका हाताने सामानासकट मागचं चाक उचलून पायाने पायडल फिरवत होतो. मागचे हॉर्न अजून कानात आहेत.

घेणार असाल तर आधी तुमचा डिरेलर ३४ झेपवतो का ते बघा. माझा झेपवत नव्हता, लांब केजचा, म्हणजे पुल्या धरणारा सांगाडा लांब असलेला, घ्यावा लागला. जुनी चेन आखूड पडते, आणि झिजलेली असेल तर नव्या दातांवरून घसरते, म्हणून तीही नवीन. म्हणजे कॅसेट घ्यायला गेलो आणि तीन वस्तू घेऊन आलो.

जुनी ११-२८ कपाटात आहे. सामान नसेल तेव्हा ती परत लावायची असं ठरवलं होतं, दोन महिने झाले.