मेपल मागवला, आली अंबाडीची चुलत बहीण

इन्स्टाग्रामवर किंवा कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी ‘खात्रीचा जपानी मेपल, आपल्या हवेत रुळलेला’ असं सांगून रोप विकत असेल, तर क्यूआर कोड स्कॅन करण्याआधी हे वाचा. रोपाचे ₹२,८०० आणि ‘मेपलच्या खास माती’चे ₹७००, असे माझे ₹३,५०० गेले. कोल्हापुरात माझ्या ओळखीच्या आणखी दोघींनी त्याच पेजवरून रोप घेतलंय. त्यांची रोपं मेली, आणि पाणी जास्त झालं, ऊन लागलं, असं म्हणून त्या अजून स्वतःलाच दोष देतायत. विकणाऱ्याचा सगळा धंदा याच समजुतीवर चालतो. मेपल म्हणजे थंड हवेतलं शोभेचं झाड, ते इथं जगणं अवघड आहे हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे रोप गेलं तरी त्याच्याकडं बोट दाखवायला कुणी जात नाही.

पेजवरचे व्हिडिओ खरोखरच मेपलचे होते. लालभडक झाडं, खाली शेवाळाची गादी, दगडी दिवे. ते जपानमधल्याच कुठल्या तरी बागेचे असणार. फोनवरचा मुलगा बोलायला फार गोड. मी कोल्हापूरची म्हटल्यावर म्हणाला, “ताई, मग काळजीच नाही, तुमच्याकडं पन्हाळ्याची थंड हवा येते.” (येते तर! एप्रिलमध्ये गच्चीवर उभं राहून बघावं.) जात ‘ब्लडगुड’ सांगितली. ही जात खरी आहे, लाल पानांची आणि जगभर लोकप्रिय. क्यूआर कोडवर पेजचं नाव नव्हतं, कुणा भलत्याच माणसाचं होतं. बिल मागितल्यावर “रोपांना बिल नसतं” असं उत्तर आलं. तक्रार करायची तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ २४ तासांत पाठवायचा, ही अटही होती. म्हणजे पहिल्या दिवशी जे दिसणारच नाही, त्याची तक्रार कधीच होणार नाही.

जानेवारीत खोका आला. आत बोटाएवढी जाड काडी, टोकाला दोन-तीन चिमुकली लालसर पानं. विचारल्यावर तो मुलगा म्हणाला, “प्रवासात पानं झडतात म्हणून आम्हीच काढून पाठवतो, शिवाय थंडीत मेपल झोपलेला असतो.” यातलं दुसरं वाक्य शंभर टक्के खरं आहे, आणि म्हणूनच पहिलं पचून जातं. पानं काढण्याचं खरं कारण पुढं कळलं. खास माती म्हणजे कोकोपीट आणि गांडूळखत. वर सूचना अशी की रोज रात्री कुंडीत बर्फाचे चार खडे टाकायचे, म्हणजे झाडाला जपानसारखा हिवाळा मिळतो. आमच्या घरी फ्रिजमधला बर्फ कुंडीत जायला लागल्यावर मुलांनी मला जी नावं ठेवली ती इथं लिहीत नाही.

मग झाड वाढलं, आणि तिथंच बिंग फुटायला सुरुवात झाली. पाडव्यापर्यंत फांद्या, एप्रिलच्या उन्हात आणखी तजेला, जूनपर्यंत माझ्या खांद्याला लागलं. जपानी मेपल असा वागत नाही. तो अतिशय संथ वाढतो. त्याची पानं पातळ असतात, आमच्याकडच्या ३७-३८ अंशांच्या दुपारी ती कडेनं करपतात. हिवाळ्यात पानं गाळून त्याला सलग कित्येक आठवडे सात अंशांच्या खालची थंडी लागते, आणि कोल्हापुरात ऐन थंडीतही रात्रीचा पारा साधारण १४-१५ पर्यंतच उतरतो. कुंडीतल्या बर्फाच्या खड्यांनी ही तूट भरत नाही, कारण थंडी मातीला नाही, फांदीवरच्या कळ्यांना लागते. वर आपला पावसाळा. महिनोन्‌महिने ओल्या राहणाऱ्या मातीत त्याची मुळं कुजतात.

ओळख पटवली ती सासूबाईंनी. त्या मूळच्या कागलकडच्या, शेतात वाढलेल्या. एक पान तोडून त्यांनी चावलं आणि म्हणाल्या, “अगं, ही अंबाडीच की. आंबट लागतीया.” मग खालची एक फांदी मोडून साल ओढली, तर सरळ लांब दोरा निघाला. अंबाडीचा वाख निघतो तसाच.

माझी भाची शिवाजी विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे. तिला फोटो पाठवले. ती म्हणाली, आजी जवळपास बरोबर आहेत. ही भाजीची अंबाडी नव्हे, तिच्याच कुळातली मूळची आफ्रिकेतली शोभेची जास्वंद, हिबिस्कस ॲसिटोसेला. पानाचा आकार आणि रंग मेपलसारखा, पण फांदीवर पानं एकाआड एक. मेपलची पानं नेहमी समोरासमोर, जोडीनं येतात. यात जात, रंग, वय काही आडवं येत नाही. पान काढून टाकलं तरी काडीवर त्याचा वण राहतो, आणि वणसुद्धा समोरासमोर आहेत की एकाआड एक ते दिसतंच. त्या मुलानं पानं का खुडली होती ते तेव्हा उलगडलं. नुसत्या काडीवरचे वण कोण मोजत बसतंय! या जास्वंदीची फांदी मातीत खोचली की सहज मुळं धरते, म्हणजे त्याला एक रोप जवळजवळ फुकटात पडतं. दिवाळीनंतर झाडाला गुलाबी, मधे गडद डोळ्याची, जास्वंदीसारखी फुलं आली आणि उरलीसुरली शंका संपली. हायवेकडेच्या एका रोपवाटिकेत हेच रोप काळ्या पिशवीत ₹८० ला मिळतं. तिथला माणूस त्याला सरळ ‘लाल पानाची जास्वंद’ म्हणतो.

पेजवाल्याला समोरासमोर पानांचं विचारलं, तर आधी “हवामानामुळं पानांची जागा बदलते” म्हणाला, मग ब्लॉक केलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पण समोर कंपनीच नाही, त्यामुळे ती अजून लोंबकळतीय. माझ्याकडं दोनच ठोस गोष्टी आहेत: यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि खोक्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता. खोका फेकू नका. गप्पांचे स्क्रीनशॉट लगेच घ्या, स्टोरी तर एका दिवसात जाते. पैसे देऊन रोप आलंच नाही असं झालं, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा, तो सायबर आर्थिक फसवणुकीचा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी कागद जुळवतेय.

घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याकडून मधल्या फांदीचा जवळून व्हिडिओ मागा, नुसत्या शेंड्याचा नको. ब्लडगुडसारख्या नावाच्या जाती बियांपासून जशाच्या तशा येत नाहीत, बहुतेक कलमानंच करतात, म्हणून बुंध्याजवळ कलमाची गाठ दाखवायला सांगा. ‘थेट जपानहून आणलंय’ म्हणाला तर आयात परवाना आणि रोपाच्या आरोग्याचं प्रमाणपत्र मागा. २००३ च्या केंद्राच्या आदेशानुसार बाहेरून रोप आणायला दोन्ही लागतात. निळ्या पानांच्या मेपलचा फोटो लावून जी बियांची पाकिटं विकतात, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. निळ्या पानांचा मेपल जगात कुठंच नाही, तो फोटोवरचा रंग आहे. खऱ्या बीला पातळ पंख असतो, आणि ते रुजवायला ओलसर ठेवून तीन-चार महिने फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. ‘आठ दिवसांत उगवण’ लिहिलेल्या पाकिटात काहीही असू शकेल, मेपल नसेल.

लाल पालवीची हौस असेल तर राधानगरीच्या बाजूला जाऊन कोशिंब बघून या, उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची नवी पालवी अशी लाल असते की लांबून फुलोराच वाटतो. परसात लावायला ते झाड फार मोठं, हे खरं.

ते पेज आता वेगळ्या नावानं चालू आहे. फोटो तेच, भाव ₹३,२००, आणि झाडाचं नाव ‘कॅनडाचा मेपल’. तिसऱ्या फोटोत खालची फांदी चुकून स्पष्ट आलीय. मोठा करून बघा, पानं एकाआड एक आहेत.