‘बॉन्डेड नायलॉन, टेक्स ७०’ म्हणून गळ्यात पडलेले बारा कोन

आधी आकडे. सॅक शिवायला एका विक्री मंचावरून मागवले होते दोऱ्याचे बारा कोन (शंकूसारखी मोठी रिळं): बॉन्डेड नायलॉन (अखंड तंतूंचे पदर लेपानं घट्ट चिकटवलेला दोरा), टेक्स ७० (टेक्स म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप), तीन पदरी, काळा रंग, प्रत्येक कोनावर १५०० मीटर. एकूण १८,००० मीटर. आला तो वरून लेप चढवलेला कातीव (तंतूंचे तुकडे पिळून केलेला) पॉलिएस्टर, टेक्स ६२ च्या आसपासचा, आणि कोनामागे जेमतेम १०३० मीटर. म्हणजे मालही खोटा आणि मापही खोटं. नुसती लांबीच धरली तरी साडेपाच किलोमीटरहून जास्त दोरा गायब. पैसे सगळे आगाऊ दिलेले, त्यातली दमडी परत आलेली नाही.

पद्धत तुम्हाला माहीत आहेच. नमुना खरा पाठवायचा आणि माल खोटा. मलाही माहीत होती, म्हणून तर लाज जास्त वाटते. नमुना म्हणून २० मीटर आला, तो नीट तपासला. वजन १.४१ ग्रॅम, म्हणजे टेक्स ७०.५. टेक्स म्हणजे हजार मीटरचे ग्रॅम, तेव्हा वीस मीटरला १.४ ग्रॅम यायलाच हवा. ताणून तोडला तर ४.८ किलोला तुटला, आणि टेक्स ७० च्या बॉन्डेड नायलॉनला तेवढंच अपेक्षित असतं. पीळही बरोबर. विक्रेत्याला मुद्दाम विचारलं, डेनियर (नऊ हजार मीटरचे ग्रॅम) किती? ‘२१० चे तीन पदर, ६३०, भागिले ९, टेक्स ७०,’ असं फटकन उत्तर. एवढं तोंडपाठ असलेला माणूस लबाड असेल असं वाटलं नाही. उलट एवढं तोंडपाठ असल्यामुळेच त्याला नेमकं कुठे फसवायचं ते कळत होतं.

आणि भाव फक्त दहा टक्के कमी होता. निम्म्या भावात विकत असता तर कोणीही सावध झालं असतं.

माल आल्यावर तपासलाच नाही, असंही नाही. तीन कोन फोडले, प्रत्येकाचे २० मीटर ओढले, काट्यावर ठेवले: १.४१, १.३९, १.४०. झालं समाधान. कोनाच्या वरच्या थरात सुमारे ४० मीटर खराखुरा नायलॉन गुंडाळलेला असतो, खाली गाठ आणि गाठीखाली भलताच दोरा, हा प्रकार ऐकून माहीत होता का? नव्हता. आता आहे, आणि तुम्हालाही. वरचा दोरा तपासणं म्हणजे फळवाल्यानं पुढे मांडलेलं फळ बघून पेटी घेणं. किमान १०० मीटर उलगडून टाका, मग नमुना घ्या. दोरा वाया गेला तरी चालेल.

पण खरी चूक तिथे नाही. ती आणखी आधीची, आणि तीच जास्त जाळते. पार्सलच्या चिठ्ठीवर वजन छापलेलं होतं: १.१८ किलो. खोका दारात आला तेव्हा ती चिठ्ठी डोळ्यांसमोर होती, फाडताना हातात होती. एका कोनात १५०० मीटर टेक्स ७० म्हणजे १०५ ग्रॅम नुसता दोरा. बारा कोनांचा १२६० ग्रॅम. म्हणजे नळकांडी आणि खोका धरण्याआधीच दोऱ्याचं वजन अख्ख्या पार्सलपेक्षा जास्त! रिकामं नळकांडं २२ ग्रॅम, खोका १४८ ग्रॅम. हिशेबानं पार्सल १.६७ किलोचं हवं होतं. अर्धा किलो कमी. हा तोंडी गुणाकार आहे, त्याला काटाही लागत नाही. ज्यानं विक्रेत्याला डेनियर विचारून त्याची परीक्षा घेतली, त्यानं स्वतः तो गुणाकार केला नाही. चिठ्ठी चुरगाळून टाकली. पुढे तक्रारीसाठी तीच कचऱ्यातून शोधून काढावी लागली.

दुसरा इशारा बॉबिन भरताना मिळाला. दोरा दोन बोटांतून जात होता आणि मध्येच बोटाला टच्च करून काहीतरी लागलं. गाठ. कोनात एखादी गाठ असू शकते, कारखान्यात दोरा तुटला की जोडतात, म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या कोनालाही गाठ, जवळजवळ तेवढ्याच अंतरावर. तेव्हा थांबायला हवं होतं. थांबलो नाही, कारण कापड कापून झालं होतं. हे कारण किती फुसकं आहे ते लिहिताना कळतंय.

गाठीनंतर मशीन कुरकुरायला लागलं. नेढ्यापाशी दोऱ्याला लव सुटायची, टेन्शनच्या चकत्यांत पांढरी भुकटी साचायची, खालच्या बाजूला मधूनच फासे पडायचे. दोष सुईला दिला. १०० नंबरची काढून ११० ची लावली. मग दोष ताणाला दिला, मग तेलाला. भुकटी थोडी खऱ्या बॉन्डेड दोऱ्यालाही पडते, म्हणून तिच्याकडेही काणाडोळा. पण लव पडत नाही. बॉन्डेड नायलॉन अखंड तंतूंचा असतो, त्याला लव फुटायला सुटी टोकंच नसतात. सुटी टोकं कातीव दोऱ्याला असतात, कारण तो बोटभर तंतूंचे तुकडे पिळून केलेला असतो. नेढ्यापाशी लव दिसली की सुई बदलू नका, आधी दोरा भिंगाखाली धरा.

काळा रंग मागवला हीसुद्धा घोडचूक. काळ्यावर लव दिसत नाही, लेपाची चकाकी तेवढी दिसते. अनोळखी विक्रेत्याकडून पहिला माल पांढरा किंवा फिकाच घ्या.

शेवटी गाठीखालचा दोरा तपासला. पाच सेंटिमीटरचा तुकडा, गरम पाण्यात बुडवून बोटांनी चोळला. लेप चिकट होऊन सुटला आणि तिन्ही पदर आपोआप वेगळे झाले. खऱ्या बॉन्डेड दोऱ्याचे पदर असे सुटत नाहीत, नखानं ओरबाडून उलटा पीळ द्यावा लागतो. एक पदर उलगडून दोन्ही टोकं हलकेच ओढली तर तुटण्याऐवजी तो सरकत सरकत विरून गेला, कापसाच्या वातीसारखा. कातीवच. मग मिठाच्या पाण्याची चाचणी. घरी करता येण्याजोग्या चाचण्यांत मला हीच सगळ्यांत भरवशाची वाटते. १०० मिली पाण्यात ३६ ग्रॅम मीठ ढवळून विरघळवायचं, म्हणजे पाण्याची घनता १.२ च्या आसपास जाते. नायलॉनची १.१४, तो तरंगतो. पॉलिएस्टरची १.३८, तो बुडतो. दोऱ्याचे सेंटिमीटरभराचे तुकडे करायचे, पदर मोकळे करायचे आणि पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकायचा. साबण विसरलात तर तंतूंत अडकलेल्या हवेनं पॉलिएस्टरही तरंगेल आणि तुम्ही खूश व्हाल. नमुन्यातला तुकडा तरंगला. गाठीखालचा तळाला गेला आणि तिथेच बसला. जाळून बघायची पद्धतही आहे (पॉलिएस्टर काळा धूर जास्त सोडतो), पण लेप आणि रंग असला की वासावरून काही ठरवू नका.

गाठीखालच्या दोऱ्याचं वजन: २० मीटरला १.२४ ग्रॅम. तोड: २.३ किलो. नमुन्याच्या निम्म्याहून कमी.

‘शिवण तर कुठे तुटली नाही ना?’ असं विक्री मंचाच्या मदत केंद्रातल्या एकानं विचारलं. नाही तुटली. डाव तिथेच आहे. लॉकस्टिचच्या (साध्या मशीनच्या, वरचा-खालचा दोरा एकमेकांत अडकवणाऱ्या टाक्याच्या) शिवणीची ताकद काढायचा ठोकताळा असा: इंचातले टाके गुणिले दोऱ्याची तोड गुणिले दीड. इंचाला ८ टाके धरले तर इंचभर शिवणीला खऱ्या दोऱ्यानं सुमारे ५८ किलो, या दोऱ्यानं २८. सॅक भरून खुंटीला टांगली तर दोन्ही शिवणी टिकतात. फरक पडतो तो झटक्याला, दगडावर घासल्यावर आणि ओलीत. नायलॉन ताणतो आणि झटका पचवतो. कातीव पॉलिएस्टर तेवढा ताणत नाही, त्याची लव घासून जाते आणि दोरा रोज थोडा बारीक होतो. वर ती लव वातीसारखं पाणी ओढून शिवणीतून आत आणते. शिवताना जो दोष दिसत नाही, तो खांद्याचा पट्टा हातात आल्यावर दिसतो. आणि हॅमॉकच्या (टांगत्या झोळीच्या) बाबतीत तर खाली काय आहे त्यावर सगळं अवलंबून.

पॉलिएस्टर वाईट, असा अर्थ कोणी काढू नका. उन्हात तो नायलॉनपेक्षा जास्त टिकतो आणि भिजून सैल पडत नाही. टार्पला, तंबूला, हलक्या कापडाला टेक्स ३० ते ४० चा कोअरस्पन पॉलिएस्टर हाच योग्य दोरा: आत अखंड तंतू, बाहेर कातीव वेष्टन. पण पॉलिएस्टर हवा असता तर पॉलिएस्टर मागवला असता.

चार सॅक शिवून झाल्या होत्या. प्रत्येकीत २२ मीटर शिवण, म्हणजे ८८ मीटर उसवली. उसवायचं काय, दोन दिवसांचं काम. पण लेप दिलेल्या कापडात सुईचं भोक बुजत नाही, आणि ११० ची सुई म्हणजे १.१ मिलिमीटरचं भोक. त्याच रेषेवर पुन्हा टीप मारली की कापड टपाल तिकिटासारखं फाटतं. शिवणीच्या कडा कापून आत सरकावं लागलं, त्यात ९.५ मीटर कापड बाद. हे नुकसान कोणत्याच तक्रार अर्जात बसत नाही.

आता तक्रारींचं. विक्री मंचाच्या मदत केंद्राला पहिला मेल माल मिळाल्यापासून अकराव्या दिवशी गेला. परतीची मुदत सात दिवस. खोटेपणा गाठीखाली दडवला होता, तो सात दिवसांत कसा दिसणार, हे नऊ मेलमधून पाच वेगवेगळ्या माणसांना समजावलं. प्रत्येकानं पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. ‘खराब वस्तूचा फोटो पाठवा.’ फोटोत दोरा दोऱ्यासारखाच दिसतो. तरी भिंगातून काढून पाठवला. ‘फोटो अस्पष्ट आहे.’ मिठाच्या पाण्याचा व्हिडिओ पाठवला. ‘वस्तू ग्राहकाकडून भिजवली गेल्याने परत घेता येणार नाही.’ हे वाचून हसावं की कपाळ बडवावं कळेना. मग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला मागितला. एका कोनाच्या चाचणीचा खर्च बारा कोनांपेक्षा जास्त! वजनमापं बघणाऱ्या कार्यालयानं सांगितलं की तक्रार लांबीची आहे, तर सीलबंद कोन आणा. सीलबंद कोनाची लांबी सील न फोडता कशी मोजायची, ते सांगायला तिथे कोणी नव्हतं. पैसे भरले त्या बँकेचं म्हणणं, वस्तू पोचली आहे, तेव्हा व्यवहार पूर्ण. दोरा मागवला आणि दोराच आला, मग फसवणूक कसली, असा एकूण सूर. विटा पाठवल्या असत्या तर बरं झालं असतं, विटांचा फोटो स्पष्ट येतो. तेविसाव्या दिवशी तक्रार आपोआप बंद झाली आणि सेवा कशी वाटली म्हणून तारे मागणारा मेल आला.

खोका उघडतानाच एका दमात व्हिडिओ काढा. त्यात चिठ्ठीवरचं वजन, काट्यावरचा प्रत्येक कोन आणि शंभर मीटर उलगडून दिसणारी गाठ. माझ्याकडे यातलं काहीच सलग नव्हतं.

लेबलवर ‘वजन’ एवढंच लिहिलं असेल तर ते नळकांड्यासकट आहे असं धरा. मीटर आणि टेक्स दोन्ही छापलेले नसतील तर घेऊच नका. टिकिट नंबर आणि टेक्स यांची गल्लत करून गंडवणारेही आहेत: टिकिट नंबर म्हणजे ३००० भागिले टेक्स, तेव्हा टिकिट ४० हा टेक्स ७५ चा जाड दोरा आणि टिकिट १२० टेक्स २५ चा बारीक. कंपन्यांची नावंही फसवी. ‘मारा ७०’ टेक्स ४० चा असतो, ‘व्ही-६९’ टेक्स ७० चा. पीळ बघा: दोरा उभा धरल्यावर तिरक्या रेषा डावीकडून वर उजवीकडे चढायला हव्यात, तो झेड-पीळ. उलटा पीळ साध्या मशीनच्या हुकवर उलगडत जातो, मग दोरा कितीही अस्सल असो.

त्याच विक्रेत्याचे कोन आता दुसऱ्या नावानं विकायला आहेत. फोटो तोच, कोनाच्या बुडाशी टवका उडालेला.

न फोडलेले नऊ कोन इथे पडून आहेत. प्रत्येकाचा वरचा थर गाठीपर्यंत उलगडून वेगळ्या रिळावर घेतला. गाठ ३८ ते ४३ मीटरवर सापडली, एकूण सुमारे ३६० मीटर, आणि तेवढा खरा नायलॉन आहे: मिठाच्या पाण्यात तरंगतो, साडेचार किलोच्या वर तुटतो. शिवणीच्या तिप्पट दोरा लागतो, म्हणजे १२० मीटर शिवण. उसवलेली ८८ मीटर त्यात बसते. गाठीखालचा दोरा कच्च्या टाक्यांना ठेवला आहे, आणि प्रत्येक नळकांड्यावर लाल पेननं फुली मारली आहे.