गोरेगावचे प्रॉपर्टीचे गोदाम: वस्तू उत्तम, नोंदी मात्र नाहीत

राज्य नाट्य स्पर्धेतील आमच्या नाटकासाठी १९६० च्या दशकातील बैठकीची खोली उभी करायची होती, म्हणून चित्रपटांना ‘प्रॉपर्टी’, म्हणजे दृश्यात वापरायच्या वस्तू, भाड्याने देणाऱ्या गोरेगाव पूर्वेच्या एका गोदामातून सामान घेतले. दादासाहेब फाळके चित्रनगरी जवळ असल्याने तिथे मुख्य राबता चित्रपट आणि मालिकांच्या कलाविभागांचा. तरीही आमच्यासारख्या हौशी संस्थेला मिळालेली वागणूक आपुलकीची होती. भाडे दिवसावर आकारतात, अनामत वेगळी घेतात आणि प्रत्येक वस्तू चलनावर, म्हणजे सामानाच्या पावतीवर, लिहून, तपासूनच देतात.

चित्रीकरण संपल्यावर पडद्यावरच्या वस्तूंचे काय होते, हे इथल्या मांडण्यांवर दिसते. सेटसाठी केलेले प्लायवूड, थर्माकोल आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचे काम बहुधा मोडीत निघते. भाड्याने आणलेल्या टिकाऊ वस्तू मात्र गोदामात परततात आणि रंग किंवा मूठ बदलून पुढच्या कथेत उभ्या राहतात. आम्ही घेतलेल्या काळ्या टेलिफोनचा रिसीव्हर उचलला की घासल्या गेलेल्या जागी आधीचा लाल थर दिसतो आणि त्याच्याही खाली पिवळसर थर. तळाशी गोदामाचा क्रमांक पांढऱ्या रंगात आहे. आमच्या नायिकेला वारंवार नंबर फिरवायचा असतो, आणि डायल एकदाही अडकली नाही. आरामखुर्चीचे वेतकामही घट्ट होते.

तक्रार एकच, पण माझ्या दृष्टीने मोठी. हा टेलिफोन कोणकोणत्या चित्रपटांत दिसला, असे विचारल्यावर तिथल्या वयस्क कारागिराने भरभरून आठवणी सांगितल्या. लेखी नोंद मात्र एकाही वस्तूची नाही, कारण हिशेब मिटला की चलने फेकून दिली जातात. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या १९३९ च्या चित्रपटातील लाल बुटांच्या उरलेल्या चार ज्ञात जोड्यांपैकी एक डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील लिलावात शुल्कासह ३ कोटी २५ लाख डॉलरना विकली गेली. ही जोडी तीच, हे सिद्ध करता आल्याशिवाय अशी बोली लागत नाही. आपल्याकडे चेंबूरच्या आर. के. स्टुडिओने जपलेले पोशाख आणि वस्तू १६ सप्टेंबर २०१७ च्या आगीत जळून गेल्या, तेव्हा किती मोलाचा ठेवा गेला हे निदान सांगता आले, कारण कोणती वस्तू कोणत्या चित्रपटातली हे माहीत होते. या गोदामातल्या वस्तू शाबूत असूनही त्यांच्याविषयी एवढेसुद्धा सांगता येणार नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

चलनाची एक प्रत चित्रपटाच्या नावासह जपून ठेवावी आणि नवा रंग देण्यापूर्वी वस्तूचे छायाचित्र काढावे, असे मी मालकांना सुचवले आहे. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. नाट्यसंस्थांनी इथे अवश्य जावे. फक्त जुन्या दिव्यांच्या वायरी तिथेच तपासून घ्याव्यात, टेम्पोची सोय स्वतः करावी आणि प्रयोगाची तारीख बरीच आधी कळवावी, कारण एखाद्या मालिकेने सामान उचलले की ते लवकर परत येत नाही.