चुन्याची निवळी की टू-पार्ट?

कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) ८-९ डीकेएच (तिचं एकक). घरच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, हे टिकवायचं कसं, एवढाच प्रश्न.

कोरल मोजकेच असतील तर मी चुन्याची निवळी, म्हणजे काल्कवासर, निवडेन. आरओ-डीआयच्या (क्षार काढलेल्या) एका लिटर पाण्यात साधारण दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड. (पानाच्या डबीतला चुना नको, त्यात काय मिसळलंय देव जाणे.) गाळ बसला की वरचं नितळ पाणी बाष्पीभवनाच्या भरपाईला थेंबथेंब सोडायचं. कॅल्शियम-अल्कलिनिटी दोन्ही योग्य प्रमाणात मिळतात, पीएचही चढतो. एसीसाठी बंद ठेवलेल्या खोलीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरतो, तिथे हा मोठाच फायदा. पण निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. एकदम ओतली तर टँक गेलाच समजा.

खरी मेख बाष्पीभवनात आहे. लातूर-नांदेडच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं, निवळीही तेवढी जाते. त्याच खोलीत कूलर लावला किंवा श्रावण लागला की हवा दमट, भरपाई कमी, आणि कोरलची कॅल्शियम-अल्कलिनिटीची भूक मात्र तीच.

टू-पार्ट हवामानाला विचारत नाही. एका बाटलीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत सोडियम कार्बोनेट. दोन्ही एकाच जागी एकाच वेळी सोडले तर पांढरा साका होतो. टेस्ट किटने रोजचा खप काढून डोसिंग पंप (ठरलेला डोस आपोआप सोडणारा) लावायचा. खर्च जास्त, मीठही हळूहळू साचतं, म्हणून सॅलिनिटी तपासावी लागते. तरी एसपीएस (बारीक पॉलिपचे, कठीण सांगाड्याचे) कोरल भरपूर असतील तर हेच घ्या. उन्हाळ्यात निवळी आणि कमी पडेल तेवढं टू-पार्ट, असंही चालतं.