जुनी काळी-पिवळी वॅगनआर आणि दरवर्षीचं पासिंग: इंजिन सोडा, मागच्या स्प्रिंगा बघा

या आठवड्यात माझ्या टॅक्सीचं पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी झाली, पहिल्याच वेळेला, एकही शेरा न येता. लिहायला बसलो कारण मागच्या वर्षी याच गाडीने पार घाम काढला होता आणि तेव्हा कोणाला विचारलं तर प्रत्येक जण वेगळंच सांगत होता. गाडी 2013 ची वॅगनआर, परमिटसकट सेकंडहँड घेतलेली. मूळची पेट्रोल, सीएनजी किट आधीच्या मालकाने बाहेरून बसवून घेतलेलं. हे किटचं लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच येतं.

खाजगी गाडीवाल्यांना आमचं दुखणं चटकन कळत नाही. त्यांचं 15 वर्षांनी एकदा आणि मग 5-5 वर्षांनी. टॅक्सीचं पहिली 8 वर्षं दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. म्हणजे गाडी जुनी झाली की दरवर्षी एक दिवस धंदा बंद, आणि रिजेक्ट झाली तर अजून दिवस जातात, हप्ता काय थांबत नाही. मुंबईत टॅक्सीचं वय 20 वर्षं धरलंय. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 ची नोंदणी होती, तीही 2023 च्या ऑक्टोबरला गेली. म्हणजे माझ्या गाडीला 2033 पर्यंत वाव आहे आणि मला ती तोपर्यंत चालवायचीच आहे, नवीन घ्यायची ऐपत आणि इच्छा दोन्ही नाही.

इंजिनबद्दल दोन ओळीत आटपतो कारण तक्रारच नाही. पीयूसीत, म्हणजे धुराच्या तपासणीत कधी अडकली नाही. मुंबईत नव्या गाड्यांना धुराचा बीएस-4 नियम एप्रिल 2010 पासून आहे त्यामुळे आपल्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के, आणि प्लग, एअर फिल्टर वेळेवर बदलले की सीएनजीवर आकडा त्याच्या बराच खाली येतो. जुन्या गाडीचं इंजिन पासिंगला नापास होईल ही भीती लोकांनी उगाच धरलीय, माझ्या स्टँडवर तरी इंजिनमुळे परत आलेली गाडी मी बघितलेली नाही. परत येतात त्या लाइट, ब्रेक, रेडियम पट्टी, सडलेला पत्रा, मीटरचं सील असल्या गोष्टींवर.

ब्रेक सांगतो. हायकोर्टाने दट्ट्या दिल्यापासून 250 मीटरच्या ट्रॅकवर गाडी पळवून ब्रेक मारून बघतात, नुसतं उभ्या गाडीचं पेडल दाबून भागत नाही. गाडी एका बाजूला ओढली की संपलं. पावसाळ्यात हिंदमाता, गांधी मार्केटच्या पाण्यातून गेलेल्या गाडीचे मागचे ड्रम उघडून साफ केल्याशिवाय ट्रॅकवर नेऊच नका, व्हील सिलेंडर गळत असेल तर एका बाजूचे लायनर ऑइलने भिजलेले असतात आणि ते बाहेरून दिसत नाही. हॅण्डब्रेकची केबल पण त्याच वेळी ताणून घ्या, काम एकच आहे, मजुरी एकदाच.

आता मुख्य मुद्दा, हेडलाइट. मागच्या वर्षी आरटीओच्या साहेबांनी डिपर, म्हणजे खालचा झोत लावायला सांगितला, समोर उभं राहून बघितलं आणि म्हणाले झोत वर आहे, डोळ्यावर येतोय, सेट करून आणा. नियम असा की 8 मीटरवर उभ्या माणसाच्या डोळ्याला, म्हणजे 1.5 मीटर उंचीला, डिपरचा झोत दिपवता कामा नये. ठीक आहे, बरोबरच आहे, समोरून येणाऱ्याचा जीव आहे. मी गेलो गॅरेजला. एकाने काचा पिवळ्या पडल्यात म्हणून पॉलिश पेपर मारून कंपाउंड लावून दिलं आणि पैसे घेतले. काचा चकाचक, झोत तिथेच. दुसऱ्याने बल्ब बदलायला लावला, वर एलईडी टाका म्हणत होता. ते मी टाकू दिलं नाही, हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी कोंबला की प्रकाश चारी बाजूला फुटतो आणि त्यावरही रिजेक्ट होते, साधा 60/55 वॅटचा एच-4 बल्बच ठेवा. तिसऱ्याने हेडलाइटमागचे स्क्रू फिरवून झोत खाली केला, त्या वर्षीचं पासिंग झालं.

मला वाटलं विषय मिटला, आणि त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मी स्क्रू सेट करा, पॉलिशवर पैसे घालवू नका एवढंच सांगितलं असतं. पण नंतर रात्री एअरपोर्टवरून मागे दोन पॅसेंजर आणि कॅरियरवर बॅगा घेऊन निघालो की समोरचे सगळे झोत डोळ्यावर येतो म्हणून अप्पर, म्हणजे वरचा झोत मारायचे. आणि गाडी रिकामी असली की उलट रस्ता दिसायचा नाही, झोत बोनेटपुढेच पडायचा. मग एका रविवारी कॉटन ग्रीनला गोदामाच्या भिंतीसमोर सपाट जागा बघून गाडी लावली, भिंतीवर खडूने झोताच्या वरच्या कडेला रेघ मारली, मग भाच्याला आणि त्याच्या मित्राला मागे बसवलं. रेघेपासून झोत चांगला वीतभर वर गेला. खाली वाकून बघितलं तर मागचं चाक कमानीत घुसलेलं.

सिलेंडर! डिकीत रात्रंदिवस सिलेंडरचं ओझं, आणि खाली स्प्रिंगा पेट्रोल मॉडेलच्या. कंपनीची सीएनजी गाडी त्या वजनाचा हिशोब धरून बनवलेली असते, बाहेरून किट बसवणारा फक्त किट बसवतो. वर्षानुवर्षं दबून स्प्रिंगा बसल्या. या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर 2.4 मीटर, म्हणजे मागून गाडी 4 सेंटीमीटर बसली की 8 मीटरवर झोत साधारण 13 सेंटीमीटर वर जातो, आणि 30 मीटरवर अर्धा मीटर. आणि डॅशबोर्डवरून झोत वर-खाली करायच्या लेव्हलरची मोटार आधीच्या मालकाच्याच काळात गेलेली. काच, बल्ब, स्क्रू, कशातच दोष नव्हता, आणि इतक्या गॅरेजवाल्यांपैकी एकानेही गाडी बाजूने उभं राहून बघितली नाही याचा मला अजून राग येतो. बाजूने बघितलं असतं तर पोरालाही कळलं असतं की नाक वर आहे.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर सीएनजी मॉडेलच्या मागच्या स्प्रिंगा घेतल्या, दोन्ही बाजूच्या एकदम, एकच बदलली तर गाडी तिरकी बसते आणि ब्रेकलाही ओढते. मजुरीसकट पॉलिश आणि बल्बमध्ये गेले त्यापेक्षा थोडेच जास्त लागले. मग परत त्याच भिंतीपुढे नेऊन स्क्रू सेट केले, या वेळी मागे माणसं बसवून आणि रिकामी असं दोन्ही बघून. तेव्हापासून आख्खा पावसाळा आणि थंडी गेली, समोरून अप्पर खाल्लेला नाही. मागचा टायर आतल्या कडेला घासायचा तोही थांबला, हे मला अपेक्षित नव्हतं.

सिलेंडरवरून आठवलं, दर 3 वर्षांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने सिलेंडर तपासणं. हा खर्च मला आधी निव्वळ लूट वाटायचा. या वेळी सिलेंडर काढताना पट्ट्याखाली गंजाचे खड्डे पडलेले डोळ्यांनी बघितले, आत 200 बारने गॅस असतो आणि आपल्या पाठीमागे पॅसेंजर, लेकरं बसतात. टेस्टमध्ये सिलेंडर पास झाला, पट्टे बदलले, खाली रबर नवीन टाकलं. प्लेटवरची तारीख संपली की पंपावर गॅस मिळत नाही हे तर आहेच, पण आता मी तारीख संपायची वाट बघणार नाही.

तारखेच्या आदल्या दिवशी मी स्वतः बघतो ते: सगळे दिवे आणि रिव्हर्स लाइट, वायपरचं रबर, हॉर्न, सीटचे पट्टे, टायरच्या नक्षीची खोली, इन्शुरन्स आणि पीयूसीची मुदत, आणि नंबरप्लेट. 1 एप्रिल 2019 आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावावी लागते, चारचाकीला 745 रुपये अधिक जीएसटी. फिटनेस संपून उशीर झाला की दिवसाला 50 रुपये दंड होता, त्यावर रिक्षा-टॅक्सीवाले पेटले तेव्हा 2024 ला राज्याने तो थांबवला, पण तरी तारीख चुकवू नका, फिटनेस नसलेल्या गाडीचा अपघात झाला तर विम्यावाल्यांशी भांडत बसावं लागतं.

बाहेरून किट बसवलेली जुनी गाडी कोणी घेत असाल तर पैसे देण्याआधी सपाट जागेवर चार पावलं मागे जाऊन बाजूने बघा आणि मागे दोन माणसं बसवून परत बघा. बसलेली दिसली तर स्प्रिंगांचे पैसे किमतीतून कापून घ्या, समोरचा देतो.