50 वॉटचा खादाडपणा: हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी, पावसाळ्यानंतरचा अनुभव

ऐरोलीच्या आमच्या रो-हाऊसवर 3 किलोवॅटची पॅनल, हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनल, बॅटरी आणि बाहेरची लाइन तिन्ही सांभाळणारा) आणि 51.2 व्होल्ट, 100 ॲम्पिअर-अवरची एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, बॅटरी बसवली त्याला उन्हाळा आणि अख्खा पावसाळा उलटून गेला. मे महिन्यात लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते. जुलैत एकही दिला नसता. आता साडेतीन.

सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांची सबसिडी आहे, पण ती पॅनलला. बॅटरीला दमडी नाही. तरी घेतली, कारण बॅटरीशिवाय नुसता ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेला साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर लाइट गेले की सुरक्षेसाठी स्वतःही बंद पडतो, आणि 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली तो दिवस आमच्याकडे अजून कुणी विसरलेलं नाही.

जुलैत केबल फॉल्टमुळे शुक्रवारी संध्याकाळी लाइट गेले. शनिवारी असा अंधारून पाऊस, की पॅनल कशीबशी दोन-तीनशे वॉट देत होती. रात्री 11 च्या सुमारास बॅटरी 10 टक्के दाखवून इन्व्हर्टरनं घराचा पुरवठा तोडला. सेटिंगच तसं होतं, तक्रार नाही. पण तो स्वतः चालूच राहिला! पंखे बंद, फ्रिज बंद, सासूबाई वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेतायत, आणि हा भिंतीवर डिस्प्ले पेटवून नुसता बसल्या बसल्या 50 वॉट खातोय. दिवसाला 1.2 युनिट, महिन्याला 36. आमचा फ्रिजसुद्धा दिवसाला युनिटभर घेत नाही. बॅटरीच मुळात 5 युनिटची, म्हणजे दिवसाकाठी तिचा जवळजवळ चौथा हिस्सा काहीही काम न करता फस्त. माहितीपत्रकात हा आकडा शेवटच्या पानावर, भिंगातून वाचावा इतक्या बारीक अक्षरात आहे. पैसे मात्र पहिल्या पानावर मोजून घेतले.

पहाटे 4 वाजता तोही गेला. बीएमएसनं, म्हणजे बॅटरीच्या आतल्या राखणदार सर्किटनं, बॅटरी आतून तोडली. टर्मिनलवर मल्टिमीटर शून्य. रविवारी सकाळी पाऊस उघडला, गच्चीवर लख्ख ऊन, पॅनलच्या वायरीत तीनशेच्या आसपास व्होल्ट, तरी घरात काही नाही. या मॉडेलचं कंट्रोल कार्ड चालू व्हायला बॅटरीचीच वीज लागते. बॅटरी भरायला इन्व्हर्टर हवा आणि इन्व्हर्टर उठायला बॅटरी.

हेल्पलाइन म्हणाली, "मॅडम, ग्रिड आल्यावर आपोआप सुरू होईल." अहो, ग्रिड असती तर मी फोन कशाला केला असता? माणूस मंगळवारी येणार, व्हिजिट चार्ज वेगळा.

शेवटी नवऱ्यानं दिघ्याहून मालवाहू इलेक्ट्रिक तीनचाक्या दुरुस्त करणाऱ्या एका पोराला आणलं. तसल्या गाड्यांतही 16 सेलची एलएफपी बॅटरी असते, चार्जर 58.4 व्होल्टचा. आपल्याला हवा तोच. मांडववाल्याकडून छोटा पेट्रोल जनरेटर भाड्यानं आणून गेटबाहेर ठेवला. पोरानं आधी घराचे एमसीबी पाडले, मग पॅनलचा डीसी आयसोलेटर (पॅनलची वीज तोडणारा स्विच), मग बॅटरी आणि इन्व्हर्टरमधला ब्रेकर. हा शेवटचा पाडायलाच हवा. तो चालू ठेवून बॅटरी उठवली तर इन्व्हर्टरचे रिकामे कपॅसिटर एकदम करंट ओढतात आणि बीएमएस शॉर्ट समजून पुन्हा तोडते.

बॅटरीच्या बाजूला एक बारीक बटण आहे. ते दाबलं की ती काही सेकंद जागी होते. तेवढ्यात मोबाइलवर सेलचे आकडे दिसले, सगळे 2.6 व्होल्टच्या आसपास. "ताई, दोनच्या खाली असते तर मी हात लावला नसता," तो म्हणाला. बरोबरच आहे; तेवढं खाली गेल्यावर सेलमधलं तांबं विरघळायला लागतं आणि पुन्हा भरताना आत शॉर्ट होऊ शकतो. समोर शून्य व्होल्ट असताना चार्जरही सुरू होत नव्हता, म्हणून चार्जर जोडून बटण दाबलं, आणि लागला. 10 ॲम्पिअरनं तासाभरात दहाएक टक्के. मग ब्रेकर, इन्व्हर्टर, पॅनल या क्रमानं वर. पुढचं काम उन्हानं केलं. हा उद्योग लेड-ॲसिडच्या चार्जरनं करू नका, आणि पॅनलची वायर थेट बॅटरीला तर अजिबात लावू नका.

इथं मात्र इन्व्हर्टरला दिलेल्या शिव्यांपैकी निम्म्या परत घेते. हिशोब करा: 10 टक्के म्हणजे 512 वॉट-अवर, 50 वॉटनं ते दहा तास पुरायला हवेत. गेले पाच तासांत. म्हणजे ते 10 टक्केच खोटे होते. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतं, त्यामुळे बीएमएस आत-बाहेर गेलेला करंट मोजून टक्के ठरवते. त्यात थोडी थोडी चूक साठत जाते, आणि बॅटरी पूर्ण भरली की तो हिशोब दुरुस्त होतो. पावसात ती कित्येक दिवस पूर्ण भरलीच नव्हती. आता पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ग्रिडवरून 100 टक्के भरते. पुरवठा तोडायची मर्यादाही 10 वरून 25 केली.

उरलेल्या निम्म्या शिव्या कायम. पुरवठा तोडल्यावर स्वतःही बंद हो, असं सेटिंग या इन्व्हर्टरमध्ये नाहीच. मीच उठून ब्रेकर पाडायचा आणि सकाळी ऊन आलं की लावायचा.

मंगळवारी कंपनीचा माणूस आला. लाइट रविवारी दुपारीच आले होते. चालू यंत्र बघून त्यानं व्हिजिट चार्जची पावती काढली. 50 वॉटचं विचारलं तर म्हणाला, "स्पेसिफिकेशनमध्येच आहे, मॅडम." पावती मी तशीच परत केली. त्याच पैशांत थोडी भर घालून दिघ्याच्या पोराकडून जुना चार्जर घेऊन ठेवलाय. जनरेटर विकत घेणार नाही, तो भाड्याचाच परवडतो.