मायक्रोटिक हेक्स: पत्ता का मिळाला नाही ते सांगणारा राउटर

"नेट गेलं जी" अशी हाक तालुक्याच्या पतसंस्थेत किंवा जिनिंगच्या ऑफिसात येते, तेव्हा बऱ्याचदा नेट गेलेलं नसतंच. फायबरच्या डब्यावर हिरवा दिवा असतो, शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी सातबारा उघडलेला असतो. एकाच संगणकाला आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) मिळालेला नसतो, एवढंच. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाकलं की १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसतो. संगणकाने हाक मारली, कोणी ओ दिली नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता लावून घेतला, असा त्याचा अर्थ. या पत्त्यावर ना प्रिंटर सापडतो ना इंटरनेट.

पत्ते वाटायचं काम साधा घरगुती राउटरही करतो. पण पत्ता दिला नाही तर का दिला नाही, हे त्याला विचारायची सोयच नसते. बंद करून चालू करा, संपलं. लॅटव्हियातल्या मायक्रोटिक कंपनीचा हेक्स (मॉडेल आरबी७५०जीआर३) घ्यायचा तो या 'का'साठी. तळहाताएवढा पांढरा डबा, पाच गिगाबिट पोर्ट, २५६ एमबी रॅम, वायफाय नाही. दहा-पंधरा संगणक, दोन-तीन प्रिंटर, हजेरीचं थंब मशीन आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर एवढ्या पसाऱ्याला तो पुरून उरतो.

आपल्याकडे सगळ्यात कामाची गोष्ट माहितीपत्रकात कोपऱ्यात लिहिलेली आहे: हा डबा ८ ते ३० व्होल्ट डीसीवर चालतो. सोबत २४ व्होल्टचा अडॅप्टर येतो, पण १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवरही तो निमूट चालतो. फायबरचा डबा बहुधा १२ व्होल्टचाच असतो, त्यामुळे दोन्ही एकाच यूपीएसवर बसतात. स्विचच्या (एका वायरीवरून अनेक यंत्रं जोडणाऱ्या डब्याच्या) अडॅप्टरवरचा आकडा मात्र वाचून घ्या. काही ५ व्होल्टचे, काही ९ व्होल्टचे असतात, आणि चुकीची पिन खोचली की स्विच गेलाच म्हणून समजा. स्विच यूपीएसवर नसेल तर राउटर जिवंत ठेवून उपयोग नाही.

मांडणी करताना फायबरची वायर पहिल्या पोर्टात, स्विच दुसऱ्यात. विनबॉक्स हा फुकट मिळणारा प्रोग्राम लॅपटॉपवर घ्या आणि लॅपटॉप दोन ते पाचपैकी एका पोर्टाला जोडा. पहिल्या पोर्टावरून मूळ सेटिंगमध्ये आत शिरता येत नाही. विनबॉक्सची खरी करामत अशी की लॅपटॉपला आयपी मिळाला नसला तरी नेबर्सच्या यादीत दिसणाऱ्या मॅक पत्त्यावरून (यंत्राला कारखान्यातच मिळालेल्या क्रमांकावरून) राउटर उघडतो. पत्ते वाटणाराच आजारी असताना त्याच्यापर्यंत पोचायची ही वाट इतरांकडे सहसा नसते.

मूळ सेटिंगमध्ये राउटर १९२.१६८.८८.१ वर असतो आणि १० पासून २५४ पर्यंतचे पत्ते वाटतो. हा पूल, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा, आखडून १०० ते १९९ करा. प्रिंटर, थंब मशीन, डीव्हीआर यांना १० ते ६० मधले पत्ते द्या, पण यंत्रात शिरून हाताने टाकू नका. लीजेसच्या, म्हणजे मुदतीवर दिलेल्या पत्त्यांच्या, यादीत त्या यंत्राच्या ओळीवर राइट क्लिक, मेक स्टॅटिक, मग पत्ता बदला आणि यंत्र बंद करून चालू करा. हाताने टाकलेला पत्ता पुढे कोणाच्याच लक्षात राहत नाही. तो वाटपाच्या पट्ट्यात असला तर एक दिवस तोच पत्ता कॅशियरच्या संगणकाला मिळतो आणि पासबुक छापणं थांबतं.

लीजची मुदत मूळ सेटिंगमध्ये मिनिटांत असते. ती १ दिवस करा. संगणक मुदतीच्या निम्म्यावर नूतनीकरण मागतो. मुदत दहा मिनिटांची असेल आणि राउटर पंधरा मिनिटं बंद राहिला, तर अख्खं ऑफिस १६९.२५४ वर जातं. एक दिवसाच्या मुदतीत राउटर तासभर पडला तरी आपसातलं काम आणि छपाई चालू राहते. पाहुण्यांच्या मोबाइलना मात्र वेगळा पूल आणि तासाभराचीच मुदत द्या. आजचे फोन खरा मॅक पत्ता लपवून नवा दाखवतात, त्यामुळे एकाच माणसाच्या नावावर दोन-तीन पत्ते अडकून बसतात.

आता बिघाड. लीजेसच्या खिडकीत प्रत्येक यंत्रासमोर स्थिती लिहिलेली असते. बाउंड म्हणजे व्यवहार पूर्ण. ऑफर्ड म्हणजे राउटरने पत्ता पुढे केला, पलीकडून होकार आलेला नाही. अशा वेळी लॉगमध्ये 'ऑफरिंग लीज... विदाउट सक्सेस' अशी ओळ दर काही सेकंदांनी उमटते. ही ओळ दिसली की राउटरला हात लावू नका, वायरकडे चला. जिनिंगमध्ये फाटकाजवळचा धरमकाटा ऑफिसपासून दूर असतो. तांब्याच्या नेटवर्क केबलची हद्द १०० मीटर, आणि तिथे बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल टाकलेली असते. हाक जाते, उत्तर वाटेत मरतं. राउटरच्या इंटरफेस खिडकीत त्या पोर्टाचा एफसीएस एररचा (वाटेत खराब झालेल्या माहितीचा) आकडा वाढताना दिसला तर संशय पक्का. मधे स्विच असेल तर त्याच केबलला थेट राउटरात लावून पाहा. एवढ्या अंतराला फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर हाच इलाज. मृगाच्या विजांतूनही पोर्ट वाचतात.

लॉगमध्ये काहीच उमटत नसेल तर हाक राउटरपर्यंत पोचलेलीच नाही. पिन, स्विचचं पोर्ट, उंदराने कुरतडलेली केबल, याच क्रमाने बघा.

सगळ्यात त्रासदायक प्रकार तिसराच. संगणकाला पत्ता मिळतो, पण परका: १९२.१६८.०.१०४ वगैरे. कोणीतरी घरचा जुना वायफाय राउटर आणून स्विचला जोडला आणि तोही पत्ते वाटत सुटला. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचं खरं, म्हणून बिघाड कधी या टेबलावर, कधी त्या. आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल टाकून डीएचसीपी सर्व्हरची (पत्ते वाटणाऱ्याची) ओळ वाचा, एआरपी वजा ए मधून त्याचा मॅक घ्या, आणि हेक्समध्ये ब्रिजच्या (आतले पोर्ट एकत्र जोडणाऱ्या गटाच्या) होस्ट्समध्ये तो शोधा. कोणत्या पोर्टामागे तो दडलाय ते समोर येतं. मग त्या स्विचच्या वायरी एकेक करून काढायच्या. सापडलेल्या राउटरात डीएचसीपी बंद करून वायर त्याच्या लॅन पोर्टात लावली की तोच वायफायच्या कामी येतो. डीएचसीपी सर्व्हरमधलं अलर्ट्स चालू ठेवलं तर असा पाहुणा पुन्हा आल्याची नोंद लॉगमध्ये येते.

डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे परक्याने वाटलेले पत्ते अडवायची सोयही आहे, पण त्याच्यावर फार विसंबू नका. ते हेक्सच्या पोर्टांमधलीच रहदारी अडवतं. उपरा राउटर आणि संगणक दोन्ही एकाच साध्या स्विचवर असतील तर त्यांचं बोलणं हेक्सपर्यंत येतच नाही.

उणिवा लहान नाहीत. मेनू घनदाट आहे आणि चूक करायला वाव भरपूर. डीएचसीपी सर्व्हर ब्रिजऐवजी ब्रिजमधल्या एखाद्या पोर्टावर लावला की ओळ लाल होते आणि वाटप थांबतं. नेटवर्क्सच्या टॅबमध्ये गेटवे (बाहेर जायची वाट, म्हणजे राउटरचाच पत्ता) लिहायचा राहिला तर पत्ता मिळतो, नेट मिळत नाही, आणि खापर फायबरवाल्यावर फुटतं. साठवण फक्त १६ एमबी, त्यामुळे फालतू फाइली आत ठेवल्या तर अपडेट अडतं. घड्याळाला बॅटरी नाही. वीज गेल्यावर वेळ चुकते, म्हणून एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवायची सोय) लावून घ्या, नाहीतर लॉगमधल्या वेळा निरर्थक ठरतात. किंमत साध्या राउटरपेक्षा बरीच जास्त, आणि वायफायसाठी वेगळा खर्च. तीन संगणकांच्या सेतू केंद्राला हा घ्यायची गरज नाही.

घेतलाच तर बसवल्याच दिवशी टर्मिनलमधून एक्सपोर्ट काढून ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. बॅकअपची फाइल त्याच मॉडेलसाठी असते. एक्सपोर्ट साधा मजकूर असतो, तो वाचून दुसऱ्या मॉडेलवरही तीच मांडणी उभी करता येते. पासवर्ड कागदावर लिहून डब्याच्या खाली नको, तिजोरीत ठेवा.